काळ्या चष्म्याखालचा कागद

माझ्या भाचीला घरात सगळे शंकासुर म्हणतात. मी जेवले म्हटलं, तरी ती स्वयंपाकघरात डोकावून माझं ताट उष्टं आहे का ते पाहून येते.

तिच्या दिराच्या दुकानात ती कामाला मदत करते, तिथे हा स्वभाव चालून जातो. रस्त्याकडेच्या त्या लांबट खोलीत लेझरने पोलादी पाट्यांवर नावं कोरतात. यंत्राचा किरण डोळ्यांना दिसत नाही. स्वच्छ काचेतून तो आरपार जातो. काच जशीच्या तशी राहते आणि खालचा धातू कोरला जातो. म्हणून नवी वस्तू आली की भाची तिच्याखाली काळा कागद ठेवून एक ठिपका मारून बघते. कागद जळला, तर किरण पलीकडे पोचला.

परवा मी दाराची पाटी करून घ्यायला गेले होते. लांब पाट्यांना यंत्राचं झाकण बसत नाही, डोळ्यांवर चष्मा लागतो. जुने चष्मे तडकले म्हणून दिराने नवे आणले होते, काळे कुळकुळीत.

"वहिनी, घाला. यातून दिवासुद्धा मिणमिणता दिसतो."

"दिवा मिणमिणता दिसतो, ते कळलं. किरणाचं काय?"

"आता चष्म्याचीही उलटतपासणी? मावशी, हिला पोलिसात भरती करा हो!"

भाचीने एक चष्मा यंत्रात ठेवला, खाली काळा कागद सरकवला आणि झाकण लावून बटण दाबलं. चष्मा होता तसाच निघाला. कागदाला मात्र भोक पडलं होतं.

दिराचं हसू मावळलं. "आठवडाभर मी हाच घालून काम केलंय." मग घाईने म्हणाला, "पण मला स्वच्छ दिसतंय."

भाचीने त्याचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि एक पाटी पुढे धरली. त्याने घडाघडा वाचली.

"ही तुम्हीच कोरलीत, पाठ असणार," म्हणत तिने माझ्या हातातलं वर्तमानपत्र ओढून घेतलं.

दीर अडखळला. "छपाई खराब आहे. मधली अक्षरं पुसट आलीत."

"मावशी, तू वाच."

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या डोळ्यांनी मी ती ओळ सरळ वाचली.

"संध्याकाळी माल द्यायचाय, वहिनी."

"आधी डोळा." तिने यंत्र बंद केलं आणि शटर ओढलं.

डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून बराच वेळ पाहिलं. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर बारीक डाग आहे; वाढणार नाही बहुतेक, पण पूर्ण जाईल असंही नाही, म्हणाले. डावा डोळा चांगला आहे.

बाहेर आल्यावर दीर पायरीवरच थांबला.

"वहिनी, हे डॉक्टर बरोबर सांगत असतील कशावरून? दुसऱ्या कुणाला दाखवू या का?"

"दाखवू," भाची म्हणाली. "मी येते बरोबर. यांनी काय सांगितलं ते मात्र तिथे आधी बोलायचं नाही."