साहेब, मी हिरवीच आहे

आई मोरीत घसरली, खुबा मोडला आणि ती पलंगाला खिळली ती खिळलीच. माझी सगळी रजा त्यात संपली. ऑफिस चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, घर मुलुंडला. आईला सांभाळायला दिवसभराची बाई ठेवली, ती न सांगता गेली. दुसरी ठेवली, तीही गेली. शेवटी साहेबांना विचारलं, घरून काम करू का? आमची कंपनी इलेक्ट्रिक पॅनल बनवते आणि मी खरेदी बघते. खरेदी म्हणजे दिवसभर फोनवर भांडणं. ती मुलुंडहूनही तितकीच छान होतात.

साहेब म्हणाले, "कर. पण तू जागेवर आहेस हे मला कळलं पाहिजे. तसं एखादं सॉफ्टवेअर शोध. फुकट वापरून बघायला देतात, दोन-तीन बघ आणि तुलना करून सांग. नाही जमलं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं, म्हणून मला जास्त राग आला.

सॉफ्टवेअर तसं हवंच होतं म्हणा. तोवर सगळा कारभार मोबाइलवरच्या एका ग्रुपवर चालायचा. त्यात एका पॅनलचं नवं ड्रॉइंग कुणाच्या तरी हळदीकुंकवाच्या फोटोंखाली असं गाडलं गेलं की फिटरने जुन्याच ड्रॉइंगवर पॅनल बनवून टाकलं. त्याचं दार भिंतीच्या बाजूला उघडत होतं.

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाला वेगळा कप्पा होता. आमच्या लोकांनी सगळं एकाच कप्प्यात कोंबलं. शिवाय आमच्याकडे जुनी खोड आहे: मेसेज टाकला की उठायचं, ज्याला टाकला त्याच्या टेबलापाशी जायचं आणि सांगायचं, "मेसेज टाकलाय, बघ." डिस्पॅचमधली माझी मैत्रीण सांगायची, लोक माझ्या रिकाम्या टेबलापाशीही येतात, जरा उभे राहतात आणि तिथूनच मला फोन लावतात. फोनवर काय, तर "मेसेज टाकलाय, बघ."

साहेबांना त्यातला ठिपका तेवढा आवडला. नावापुढे ठिपका असतो. हिरवा म्हणजे माणूस जागेवर, पिवळा म्हणजे नाही. मी आईला पेज भरवायला बसले की माउस हलायचा नाही, ठिपका पिवळा व्हायचा आणि फोन यायचा.

"अगं, पिवळी झालीस."

"साहेब, मी हिरवीच आहे. इथेच बसलेय."

"मला तर पिवळी दिसतेस."

कप्पाळ! शेवटी मी माउस आईच्या हातात दिला.

"ह्या काय?" तिने विचारलं.

"माझी नोकरी. हलवत राहा."

ती इमानेइतबारे चादरीवर माउस घासायची आणि मी चमचा चमचा पेज भरवायचे. दोघी घामाघूम व्हायचो, पण ठिपका हिरवा राहायचा.

दुसरं सॉफ्टवेअर व्हिडिओसाठी भारी म्हणे. आमची सगळी मंडळी एकाच हॉलमध्ये आपापला लॅपटॉप उघडून, आवाज मोठा करून बसली आणि अशी शिट्टी वाजायला लागली की शेजारच्या गाळ्यातला माणूस बघायला आला. साहेब केबिनमधून बोलायचे तेही ओरडूनच. मला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं. मैत्रीण म्हणाली, "यार, त्यापेक्षा तूच इथे येऊन भांड ना!" मला अजिबात हसू आलं नाही.

मग तिसरं. मी रीतसर तक्ता केला होता: किंमत, फाइल, व्हिडिओ, आवाज. ठिपका किती वेळाने पिवळा होतो हा रकाना तक्त्यात नव्हता, पण खरं सांगायचं तर मी तेवढंच बघत होते. तिसऱ्याचा सगळ्यात उशिरा व्हायचा. निर्णयाची मीटिंग त्याच्यावरच ठेवली. मी तक्ता वाचून दाखवला. साहेब म्हणाले, "मेहनत घेतलीस. पण मला हे काही पटत नाही गं. माणूस समोर असलेलं बरं." तेवढ्यात आतून पेज उतू गेल्याचा वास आला. मी माइक बंद केला, सवयीने माउस आईच्या हातात दिला आणि गॅसकडे धावले.

आईने बोट कुठे दाबलं देव जाणे. माइक चालू झाला.

"गो चेडवा! माका लगवी इली गो, बेगीन ये!" आणि मग, आणखी मोठ्याने, "त्या सायबाक सांग, जरा थांब म्हणान!"

मी हातात पळी घेऊन उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज आला.

"थांबलंय, आये. सावकास होव दे."

इतकी वर्षं त्यांच्याकडे नोकरी केली, पण साहेबांच्या तोंडून मालवणी कधी ऐकली नव्हती. ते आमच्याकडचे आहेत हेही मला ठाऊक नव्हतं.

मी आईला भांडं दिलं, पुसलं, चादर बदलली. या गोष्टींना वेळ लागतो. परत आले तर सगळे चेहरे जागच्या जागी. कुणीही उठून गेलं नव्हतं. मैत्रीण उगाच पेनाचं टोपण लावत होती, काढत होती.

"झालं?" साहेब म्हणाले. "हेच घेऊया. आवाज चांगला येतो. आणि तो ठिपका मला दिसणार नाही असं काही करता येतं का, तेवढं बघ."

"बघते साहेब," म्हटलं. आधी कॅमेरा बंद केला, मग माइक, मग लॅपटॉपच मिटला आणि आईच्या पायाशी बसून ढसाढसा रडले.

आईने माउस हलवणं थांबवलं. "काय झाला गो? नोकरी गेली?"

"नाय. रवली."

"मगे रडतंस कित्याक?"