रंगरावांचा उजवा तळहात

संग्रामपूरच्या रंगरावांना देवाने सगळं दिलं, फक्त 'नको' म्हणायची ताकद तेवढी द्यायची राहून गेली. कोणी काही पुढे केलं की त्यांचा उजवा तळहात आपोआप डाव्यावर जाऊन बसायचा, वस्तू कपाळाला लागायची आणि थेट तोंडात. भंडाऱ्यातली बुंदी असो, यात्रेतला मलिदा असो, देणाऱ्याला विचारणं म्हणजे त्याचा अपमान, असं त्यांचं पक्कं मत. एकदा लेकीला शाळेतून आणायला गेले, तर तिथे पोरांना जंताच्या गोळ्या वाटणं चालू होतं. हा भला माणूस रांगेत उभा राहून गोळी चावून आला, वर मास्तरांना नमस्कार करून आला! त्यांची बायको पुष्पाबाई हा किस्सा अजून हळदीकुंकवात सांगतात.

तीच लेक, रुपाली, पुढे नर्स झाली. यंदाच्या हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, कापूस निघालेल्या वावरांत, पुण्याच्या मंडळींनी इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव भरवला आणि तिथल्या दवाखान्याच्या तंबूत रुपालीची नेमणूक झाली. पहिलीच मोठी ड्युटी. असल्या ठिकाणी पोरं नशेच्या गोळ्या खातात, हे रंगरावांनी कुठूनसं ऐकलं आणि आठवडाभर पोरीला सुखाने घास गिळू दिला नाही.

"रुपा, तिथं कोणी काही देल्लं तर घ्यायचं नाही. साधं चाकलेट बी नाही. आधी इचारायचं, हे काय हाय?"

"बाबा, मी नर्स हावो. मलेच काऊन सांगून राह्यले?"

"नर्स असली म्हणून काय झालं? मी येतो संगं."

आणि आले की! महोत्सवाच्या भटारखान्याला भरताची वांगी लागत होती. रंगरावांनी आपल्या मळ्यातली वांगी घातली, मनगटाला कागदी पट्टा बांधून घेतला आणि पांढरी टोपी सारखी करून भरदुपारी राखणीला हजर झाले. भोंग्यांचा दणका असा की छातीतली हाडं हलत होती. शेजारच्या पोराला त्यांनी विचारलं, "गाणं कवा सुरू होते बे?" ते सकाळपासून चालूच होतं.

फिरता फिरता एका जागी त्यांना पोरांचं गोल रिंगण दिसलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात पुढे. मधे कपाळाला चमकी लावलेला एक पोरगा प्रत्येकाच्या हातावर अगदी भक्तिभावाने काहीतरी ठेवत होता. रंगरावांचे पाय तिथेच थांबले. पोरगा समोर आला, गोड हसला. झालं! उजवा तळहात डाव्यावर, गुलाबी गोळी कपाळाला आणि गट्टम. कडू लागली. पण पाडव्याचा कडुनिंब तरी कुठे गोड लागतो?

"कोन्या देवाचा हो प्रसाद?" त्यांनी आपुलकीने विचारलं.

"देव कसला, काका?" पोरगा खदखदून हसला. "थोडा वेळ थांबा, मग पाहा काय किक बसते!"

आठवडाभर रंगरावांनी लेकीला जे पढवलं होतं, ते सगळं त्यांच्याच कानात वाजायला लागलं. उलटी करायला गेले, होईना. भांगेवर चिंचेचा उतारा चालतो म्हणतात, म्हणून भटारखान्यात जाऊन मूठभर चिंच खाल्ली. चिंचेने दात आंबले, बाकी काही झालं नाही. मग जबडा आपोआप हलायला लागला. अंगातून वाफा निघायला लागल्या. आणि सगळ्या जगावर भयंकर प्रेम आलं. जनरेटरवाल्याला मिठी मारून ते म्हणाले, "तुह्यासारखा माणूस झाला नाही बाप्पा!" तो बिचारा डिझेलचा पाइप सोडून पळाला.

हसू येतं खरं, पण रंगरावांना वर्षभरापासून ब्लडप्रेशरची गोळी चालू होती आणि छातीत आता भोंग्यापेक्षा मोठा ठोका पडत होता. लेकीला सांगावं, तर तिच्या पहिल्याच ड्युटीवर बापच नशा करून आलेला! सगळ्या संग्रामपुरात छी थू. न सांगावं, तर जीव जायचा. एका झाडाखाली बसून त्यांनी खूप वेळ विचार केला. शेवटी मरणाची भीती लाजेहून थोडी जास्त भरली आणि ते तंबूत गेले.

"रुपा, एका माणसानं काहीतरी खाल्लं हाय. त्याचं बरं दिसत नाही."

रुपालीने हातमोजे चढवले. "कोण माणूस?"

"आपल्या वळखीचा हाय."

"वय?"

"माह्याएवढंच असंन."

"कुठं हाय तो?"

रंगराव स्टुलावर बसले. "हा काय, बसला."

रुपालीने एकदा बापाच्या हलत्या जबड्याकडे पाहिलं. ओरडेल असं वाटलं होतं, पण तिने डॉक्टरांना हाक मारली, नाडी पाहिली, प्रेशर पाहिलं, ओला कपडा मानेवर ठेवला आणि घोट घोट पाणी दिलं. "एकदम पिऊ नका, जास्तीचं पाणी बी बाधते." मग तिने विचारलं, "कोणी देल्ली? त्यानं सोता किती खाल्ल्या?"

तेव्हा कुठे रंगरावांना तो चमकीवाला पोरगा आठवला. "बाप्पा! तो तर सगळ्यांच्या आधी खाऊन बसला असंन."

डॉक्टर 'झोपून राहा' म्हणत राहिले, पण त्या पोराला ओळखणारं दुसरं कोण होतं? रुपालीने बापाचा दंड धरला आणि दोघं निघाले. पोरगा भोंग्यांमागे सापडला. आल्हाद त्याचं नाव. अंग तव्यासारखं तापलेलं, वरून घोंगडी पांघरलेली, शुद्ध हरपत चाललेली. बाजूला त्याची मैत्रीण गार्गी रडत बसली होती. रुपालीने आधी घोंगडी ओढून फेकली.

"काय खाल्लंय यानं?"

"काही नाही, ऊन लागलंय," गार्गी म्हणाली. "प्लीज कोणाला बोलावू नका. पोलीस येतील. त्याच्या घरी कळेल."

रंगराव तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसले. टोपी काढली.

"पाह्य पोरी, म्या बी तेच खाल्लं. हे माही लेक हाय. हिलेच जाऊन सांगतलं. लाजेनं अर्धा झालो, पण जित्ता हावो. तुह्या दोस्ताले तोंड उघडता येत नाही, तूच बोल. किती?"

गार्गीने ओठ चावला. "तीन," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

मग ॲम्ब्युलन्स आली, सलाईन लागलं, बर्फ आला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. रंगरावही त्याच गाडीतून गेले. सकाळी आल्हाद शुद्धीवर आला आणि घरी फोन करायला घाबरला, तेव्हा रंगराव त्याच्या खाटेवर जाऊन बसले. बोलला मात्र तो स्वतःच.

परत येताना जीपमध्ये रंगराव हळूच म्हणाले, "मायले सांगू नको हो."

"मी काऊन सांगू?" रुपाली म्हणाली. "तुम्हीच सांगा."

घरी सत्यनारायण आटोपलेला. पुष्पाबाईंनी नेहमीसारखा प्रसाद पुढे केला आणि रंगरावांचा उजवा तळहात नेहमीसारखा डाव्यावर गेला. शिरा कपाळापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

पुष्पाबाई बघतच राहिल्या. उभ्या संसारात या माणसाने हे कधी विचारलं नव्हतं. "अवो, काय खाऊन आले तिकडं?"

रंगरावांनी सगळं सांगितलं. गोळी, चिंच, जनरेटरवाला, काही झाकलं नाही. सांगून झाल्यावर मान खाली घालून ते बोलणी बसायची वाट पाहत राहिले. हातातला शिरा थंड झाला.

"त्या पोराच्या मायले कळलं का?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"हो. त्यानंच सांगतलं. म्या बसलो होतो बाजूले."

पुष्पाबाईंनी पदराने डोळे पुसले. मग नवऱ्याचा तळहात खालून धरला आणि डोळ्यांत थेंब घालणाऱ्या नर्ससारख्या सावकाश म्हणाल्या, "रवा हाय. तूप, साखर, केळं, इलायची. दुसरं काही नाही. खा आता."