चौथा खांदा

निघताना हिने बजावलं होतं, "चौलची सुपारी विसरलात तर घरात घेणार नाही." चौलच्या वाड्यांतून (नारळी-पोफळीच्या बागांतून) दोन दिवस मान वर करून हिंडलो, मान अवघडवून घेतली, घावन हादडले आणि पोतंभर सुपारी घेतली. तिसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या आगबोटीसाठी बैलगाडीत बसलो. खादीची टोपी घातलेला गाडीवान सत्याग्रहाच्या गप्पा मारत होता, मीही माना डोलावत होतो. तेवढ्यात गाडीचा आस मोडला.

गाडीवान सुताराकडे धावला. रस्त्याकडेला एक कौलारू प्रार्थनाघर होतं, दारावर लाकडी क्रूस. शेजारच्या घरातून तिथले मास्तर बाहेर आले. माझ्यादेखत त्यांनी शहाळं सोललं.

"आमच्याकडचं पानी तुमाला चालायचं न्हाय. शहाळं चालंल."

मी ते मिटक्या मारत संपवलं. मग कुठे त्यांचे सुजलेले डोळे दिसले. पहाटे त्यांचे वडील गेले होते. ओटीवर फळ्यांची पेटी ठेवली होती आणि मास्तरांची बायको दाराआड उभी होती. दोन वर्षांपूर्वी घराने बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून भावकीने उंबरा ओलांडला नव्हता.

"गावात ख्रिस्ती बाप्ये आमी तिघंच. चौथा खांदा न्हाय. तुमी द्याल का?"

"माझी बोट चुकेल," मी म्हणालो.

बोटीला पुष्कळ अवकाश होता. गाडीवान पाहील, गावभर सांगेल, मुंबईत आमच्या घरी कळेल, या विचाराने मी भ्यालो. मास्तरांनी हात जोडले.

"व्हय, बोट चुकाय नको."

आस बसवून बंदरावर पोचलो, तर बोटीचा पत्ता नाही. सुपारीच्या पोत्यावर मी दोन तास बसून राहिलो. अखेर पडाव (आगबोटीपर्यंत नेणारी होडी) हलला, तेव्हा वाळूवरून ती पेटी जाताना दिसली. तीन कोपऱ्यांना पुरुष होते. चौथ्याला मास्तरांची बायको होती, पदर खोचलेली. ती ठेंगणी, त्यामुळे पेटी तिच्या बाजूला कलली होती. मी तोंड फिरवलं.

घरी सुपारीचं कौतुक झालं. देवळं, बागा, घावन, सगळं मी रंगवून सांगितलं. ती पेटी सांगायची हिंमत झाली नाही.

पुढल्या वर्षी माझे वडील गेले. खांदेकऱ्यांची नुसती रीघ लागली होती. दहा पावलं झाली, की कुणीतरी म्हणे, "सरक, आता मी घेतो." मी शेवटपर्यंत खांदा सोडला नाही. वाटभर रडलो. ते सगळं रडणं वडिलांसाठी नव्हतं.