गौरअक्का आणि बारा सिलिंडरची गाडी

राघवेंद्र सरांना एकदा पळताना बघायचं, एवढी एकच इच्छा धरून गौरम्मा त्या पावसाळ्यात जगत होती. देवाला नवस नाही, पोलिसात तक्रार नाही, कुणापाशी रडगाणं नाही. "एकदा पळताना बघायचाय मला त्यो, मास्तर," एवढं म्हणायची आणि तव्यावरची भाकरी उलटायची. माझाही त्या माणसावर दात होता, त्यामुळे तिची इच्छा मला अगदी रास्त वाटायची. आजही वाटते.

गौरम्मा म्हणजे आमची मेसवाली. लातुरात क्लासेसच्या गल्लीत तिची खानावळ आहे आणि पोरं तिला अक्का म्हणतात. मी अनिमेष, मूळचा नांदेडचा, फिजिक्स शिकवतो. बायको श्रद्धा नांदेडला नोकरीत, म्हणून शनिवारपर्यंत माझं जेवण अक्काकडेच असायचं. आधी मी राघवेंद्र सरांच्याच क्लासात होतो. माझ्या नोट्सवर त्यांनी स्वतःचा फोटो छापला आणि मी तोंड उघडल्यावर मला दार दाखवलं. दात का होता ते कळलं असेल.

अक्का भूकंपातली. आमच्याकडे एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. किल्लारीच्या बाजूचं गाव. त्र्याण्णव सालच्या त्या पहाटे नवरा गेला, दीड वर्षाची लेक गेली, ही राहिली. पत्र्याच्या शेडमध्ये काही दिवस काढून लातूरला आली आणि लोकांच्या घरी पोळ्या लाटायला लागली. तेव्हाच कुठे लातूरचं नाव बोर्डाच्या निकालात गाजायला लागलं होतं. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन स्टँडवर उतरायला लागली. त्यांना खायला कुणी तरी घालायला हवं होतं. निलंग्याच्या पोराला तिखट किती लागतं आणि कंधारच्याला किती, हे तिला ताट वाढतानाच कळायचं.

एक मात्र होतं. जमिनीतून घुमल्यासारखा आवाज आला की अक्का हातातलं टाकून बाहेर पळायची. रोडरोलर आला की पळायची, जवळून रिकामा ट्रक गेला की पळायची. मग भानावर येऊन पदर सावरत परत यायची आणि स्वतःच हसायची. गल्लीला हे माहीत होतं. नरसिंग दूधवाला त्याची बुलेट कोपऱ्यावर बंद करून ढकलत आणायचा. त्याला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि मग गल्लीत त्या दोन गाड्या आल्या.

क्लासवाल्यांमध्ये आधी बॅनरची चढाओढ होती, मग इमारतींची, मग लिफ्टची. ते सगळं संपल्यावर केमिस्ट्रीच्या आदिनाथ सरांनी लाल रंगाची परदेशी स्पोर्ट्स कार घेतली. महिन्याभरात राघवेंद्र सरांची पिवळी आली. कंपन्यांची नावं मी घेत नाही, पोरांना ती पिरिऑडिक टेबलपेक्षा जास्त पाठ आहेत. मला गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. जेवता जेवता मी अक्काला दोघींची तुलना ऐकवायचो.

लाल गाडी आठ सिलिंडरची, अंगाने गोलसर, कुठेही कोपरा नाही. तिला बघताना हात फिरवावासा वाटतो. आदिनाथ सरांनी मला एकदा नांदेड रस्त्यावर तिच्यातून फिरवलं होतं. हलकी, चपळ, स्टिअरिंग नुसतं मनात आणलं की वळणारी. पण तिला पळवल्याशिवाय ती बोलत नाही. काटा वर चढला की असा काही बारीक, टिपेचा सूर लावते की अंगावर काटा येतो. पिवळीची तऱ्हा उलटी. बारा सिलिंडर, सगळ्या अंगाला धारदार कडा, दारं बाजूला न उघडता वर जाणारी. वळणावर ती मनासारखी वळत नाही, तिला दामटून वळवावी लागते. आणि ती उभ्या जागीच गुरगुरते. थंड इंजिन सुरू केलं की खर्जातला आवाज आधी पायाला कळतो आणि मग कानाला.

"बारा सिलिंडर?" अक्काने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं. "मला म्हैन्याला चार पुरत्यात."

आम्ही खूप हसलो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी राघवेंद्र सरांनी भर दुपारी मेससमोर गाडी उभी केली आणि पोरांना ऐकवायला म्हणून रेस केली. मांडणीवरची ताटं खणाणली. अक्का पिठाचे हात वर करून, पदराचं भान न ठेवता पळाली आणि समोरच्या नालीत पडली. नालीतून उठून आभाळाकडे बघत उभी राहिली. सरांच्या पोरांनी ते सगळं मोबाइलवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या पेजवर व्हिडिओ आला. खाली ढोलकीचं म्युझिक, आणि वर ओळ: 'सर आले की घरं रिकामी होतात!' दोन दिवसांत तो जिल्हाभर फिरला. शेंबडी पोरंसुद्धा अक्काला बघून हात वर करून पळून दाखवायला लागली.

अक्का त्यांच्या ऑफिसात गेली. मी सोबत होतो. ती म्हणाली, "सर, तेवढं काढून टाका. म्या भूकंपातली हाय."

सर हसले. "अहो अक्का, फुकटात जाहिरात झाली तुमच्या मेसची! आता लोक तुम्हाला बघायला येतील."

जिना उतरताना अक्का कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, "ह्याला पळवायचा मास्तर. लोकांसमोर."

माझ्या डोक्यात नाना उद्योग आले. टायरमधली हवा, इन्कम टॅक्सला निनावी पत्र. ती प्रत्येकाला नको म्हणाली. तिला सरांचं नुकसान करायचं नव्हतं, पळणं बघायचं होतं. पण गाडीबद्दल मात्र ती आता रोज खोदून विचारायची. किती तापते, कुठे तापते. मी सांगितलं, "अक्का, इंजिन मागे असतं हिचं. पुढच्या बॉनेटखाली नुसती बॅग ठेवायची जागा. मागे त्या काळ्या पट्ट्या आहेत ना, त्यांच्यातून धग बाहेर पडते." ती ऐकायची आणि आमटीला फोडणी द्यायची.

त्या वर्षी, दोन हजार सतराला, दसरा नेमका तीस सप्टेंबरला आला. भूकंपाचा दिवस आणि दसरा एकाच तारखेला. राघवेंद्र सरांनी सकाळी क्लाससमोर गाडीची पूजा ठेवली. मेस बरोबर समोर. मांडव, स्पीकर, चारशे पोरं. गाडीला झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं. एवढ्यावर भागेल तर ते सर कसले? आमच्याकडे माणसाचा सत्कार शाल-श्रीफळाशिवाय होत नाही, म्हणून त्यांच्या स्टाफने गाडीचाही सत्कार करायचं ठरवलं. बनावट जरीची, सिंथेटिक, झगझगीत शाल आणली. ती आधी पुढे घातली, पण गाडीचं नाक इतकं उतरतं की शाल घसरून खाली आली. दोनदा घातली, दोनदा घसरली. मग कुणीतरी हुशारी केली. शाल उचलून मागच्या सपाट भागावर पसरली, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिची टोकं त्या काळ्या पट्ट्यांमध्ये खोचून दिली. टाळ्या पडल्या.

मी मेसच्या दारात होतो. माझं तोंड उघडलं, कारण काहीही झालं तरी बारा सिलिंडरचं इंजिन होतं ते. अक्काने माझं मनगट धरलं. पिठाचा कोरडा, खरखरीत हात.

"मास्तर, गप ऱ्हावा."

मी गप्प राहिलो. अगदी आनंदाने राहिलो.

सर आत बसले, दार खाली आलं, गाडी सुरू झाली. तोच आवाज. मेसमधली ताटं वाजायला लागली. अक्काने खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले. तिचे पाय दाराकडे वळले होते, मला दिसत होते. पण ती हलली नाही. सर रेस करत होते, पोरं शिट्ट्या मारत होती, स्पीकरवर कुणीतरी 'अजून, सर, अजून' म्हणत होतं.

शाल आधी आकसली. मग काळा धूर आला, आणि मग एकदम भडका उडाला.

दार वर उचललं गेलं. ती गाडी इतकी बुटकी की तिच्यातून रुबाबात उतरायला सराव लागतो. सर चार पायांवर बाहेर आले, मुंडावळीसारखा झेंडूचा हार कपाळावर लोंबत होता. "पळा, पळा!" असं ओरडत ते स्वतःच सगळ्यांच्या पुढे पळाले. एक कोल्हापुरी मांडवात राहिली, दुसरी नालीपाशी. आमच्या दारासमोरून जाताना त्यांचं तोंड मी नीट बघितलं. पांढरं पडलं होतं. पानटपरीपर्यंत ते थांबले नाहीत.

आग मोठी नव्हती. नरसिंगने आणि वॉचमनने वाळू टाकून विझवली. मागचा रंग जळाला, काही पट्ट्या वितळल्या. कुणाला इजा झाली नाही. चारशे पोरांच्या हातात चारशे मोबाइल होते, हे काही वेगळं सांगायला नको. मी एवढा हसलो की पोटात दुखायला लागलं. अक्का हसली नाही. गज सोडून ती आत गेली आणि पुऱ्या तळायला बसली.

दुपारी पंगत चालू असताना सर मेसमध्ये आले. बाहीवर काजळी, पायात कुणाची तरी रबरी चप्पल. पोरं खाता खाता थांबली.

"अक्का, तुम्ही दारातच होता," ते म्हणाले. "शाल कुठे घातली ते तुम्ही बघितलं. तिथे धग असते, हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

"हाव. ठाऊक व्हतं."

"मग बोलला का नाहीत? आत मी होतो! माझा जीव गेला असता!"

"न्हाई गेला. पळालात की तुमी." अक्का झाऱ्याने पुरी उलटत होती. "सर, एक सांगा. पळताना मागं कोन व्हतं तुमच्या? गाडीत?"

"कोण असणार? मी एकटाच होतो."

अक्काने गॅस बंद केला. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून जे कुणी ऐकलं नव्हतं ते ती पुऱ्यांच्या परातीकडे बघत बोलली. "माझी लेक व्हती. पाळण्यात. हाताच्या अंतरावर. आवाज आला आन पाय पळाले. अंगनात आले तवा आठवलं, लेकरू आत हाय. वळले तर घर न्हाई."

तिने परात बाजूला सारली.

"तुमी त्या पळन्याला ढोलकी लावली," ती म्हणाली. "आज तुमाला पळताना बघितलं. लई दिवसांची इच्छा व्हती. वाटलं व्हतं, बघितलं की गार वाटंल."

"अक्का," सरांनी हात जोडले. "मला माहीत नव्हतं. माफ करा."

"न्हाई," अक्का म्हणाली. तिने पुन्हा गॅस पेटवला. "जावा तुमी. गाडी दुरुस्त हुईल तुमची."