मागे घेतलेली साक्ष

धुळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि आमच्या ह्यांना विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"उपदेशक आहे. दोंडाईच्याजवळच्या खेड्यात आमची ख्रिस्ती मंडळी आहे."

"मग आता उपदेश बंद. हा ट्युबरक्युलोसिस आहे."

ट्युबरक्युलोसिस म्हणजे क्षय. आमच्याकडे हा शब्द मोठ्याने कुणी उच्चारत नसे. डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट ठेवून कॅव्हिटी दाखवली. कॅव्हिटी म्हणजे जंतूंनी फुप्फुस पोखरून केलेली पोकळी. ह्यांनी एवढंच विचारलं, की मग रविवारची उपासना कोण घेईल? मला त्यांचा असा राग आला! माझ्या पायांखालची जमीन सरकली होती आणि ह्यांना रविवारची पडली होती.

हे मी लिहिते आहे ते ज्यांच्या घरात हा आजार शिरला आहे त्यांच्यासाठी. त्यातही आमच्यासारख्या प्रार्थना करणाऱ्या घरांसाठी जास्त.

आत जागा नव्हती, म्हणून ह्यांना व्हरांड्यात खाट मिळाली. स्ट्रेप्टोमायसिन नावाचं इंजेक्शन तेव्हा नवीनच आलं होतं. ते कमरेखाली टोचत आणि ह्यांना धड बसता येत नसे. जोडीला पॅस नावाच्या औषधाच्या पुड्या होत्या. त्या घेतल्या की पोट ढवळून निघे. स्पुटम म्हणजे थुंकी. ती झाकणाच्या डबीत धरायची, थोडी तपासायला द्यायची आणि बाकीची जाळायची. हे काम माझं. पहिल्या दिवशी मला ओकारी आली. पुढे त्याच हाताने मी भाकरी थापू लागले, अर्थात राखेने घासून धुतल्यावर.

शेजारच्या खाटेवरचा माणूस चादरीखाली गेला की दुपारपर्यंत तिथे दुसरा येई. मी तिकडे पाहायचं सोडून दिलं. नव्या माणसाचं नाव विचारायचंही सोडलं. हे मात्र उठून बसता येऊ लागताच प्रत्येकाचं नाव विचारत.

ताप उतरला. भूक लागू लागली. घरी सोडताना डॉक्टर ह्यांच्याशी नाही, माझ्याशी बोलले. दोघांत ऐकणारं कोण, हे त्यांनी ओळखलं असावं.

"यांना आता बरं वाटेल. तेव्हाच माणूस फसतो. इंजेक्शनं आणि पुड्या मी सांगेपर्यंत चालू ठेवायच्या. दोंडाईच्याच्या दवाखान्यात टोचून घ्या."

काही आठवडे हे नेमाने गेले. मंडळीने उपास धरले. वडीलजनांनी येऊन ह्यांच्या कपाळाला तेल लावलं आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मीही रडून रडून प्रार्थना केली. खोकला जवळजवळ थांबला, गालांवर मांस आलं.

आमच्या मंडळीत उपासनेच्या शेवटी साक्ष देण्याची रीत आहे. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सर्वांसमोर सांगायचं. एका रविवारी हे उभे राहिले आणि म्हणाले, "प्रभूने मला पूर्ण बरं केलं आहे." लोकांचे डोळे पाण्याने भरले. माझेही भरले, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी हे इंजेक्शनला निघेनात. "बरा झालो म्हणून सांगितलं. आता सुई टोचायला गेलो तर ती साक्ष कसली? लोक म्हणतील, देवाने अर्धवट बरं केलं." मी समजावलं, भांडले, अबोला धरला. एरवी मुंगीला न दुखावणारा हा माणूस या एका बाबतीत दगड झाला होता.

पावसाळा सरला तसा खोकला परत आला. मग एकदा धोतराच्या सोग्यावर रक्त दिसलं. याला हिमॉप्टिसिस म्हणतात, म्हणजे खोकल्यातून रक्त पडणं. ह्यांनी सोगा मुठीत धरला आणि मला गप्प राहायला सांगितलं. मी ह्यांना सुईसाठी विनवत राहिले, पण ऐकतो कोण?

नाल्यापलीकडच्या वस्तीत जमनाअक्का म्हणून म्हातारी होती. तिच्या शामूलाही हाच आजार होता. ह्यांनीच त्याची भीती घालवून त्याला दोंडाईच्याला इंजेक्शनं सुरू करून दिली होती. रक्त दिसल्यानंतरच्या रविवारी उपासनेला आत येताना जमनाअक्का आनंदाने ह्यांना म्हणाली, "शामूनी बी सुई सोडी दिनी, भाऊ. तुले बरं करं तो देव त्याले बी करी."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. पहिलं गीत सुरू होण्याआधीच ते पुढे जाऊन उभे राहिले.

"मी बरा झालो असं तुम्हाला सांगितलं होतं. ते खरं नाही. मला बरं वाटत होतं. मला रक्त पडतं आहे आणि मी ते लपवलं. शामूला दवाखान्यात न्या. मीही जातो."

मंडळीच्या वडीलजनांपैकी एक जण हळूच म्हणाले, "असं बोललात तर बाहेरचे हसतील."

"हसू द्या," हे म्हणाले.

जमनाअक्का उठली. मला वाटलं, आता ही शिव्या देणार. दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. पण ती म्हणाली, "भाऊ, तुले बरं वाटनं, ते तू सांगं. आते दुखी ऱ्हायनं, ते बी सांगं. देवले सगळं माहीत शे. चाल, कपडा बांध."

दुसऱ्या दिवशी एकाच एस.टी.ने आम्ही चौघं धुळ्याला गेलो.

डॉक्टर रागावले. मग एक्स-रे पाहून गप्प झाले, ते मला जास्त लागलं. औषध मध्येच सोडलं की उरलेले जंतू त्या औषधाला जुमानत नाहीत. याला रेझिस्टन्स म्हणतात. शामूची सुई थोडेच दिवस चुकली होती. त्याला औषध लागू पडलं. ह्यांना पडलं नाही.

चालता येत होतं तोवर हे प्रत्येक खाटेशी जाऊन एकच सांगत, "बरं वाटलं तरी औषध सोडू नका." शेवटी दम पुरेना, तेव्हा ते कमरेखाली सुई टोचल्याची हाताने खूण करत. शामूची थुंकी स्वच्छ आली, त्यानंतर लवकरच हे गेले. त्यांना खांदा देणाऱ्यांत शामू होता.

तुमच्या प्रार्थनेचं काय झालं, असं लोक मला विचारतात. मी मागितला होता माझा नवरा, आणि वाचला जमनाअक्काचा मुलगा. त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. आणि रोज त्याच्याशी भांडतेही. पूर्वी भांडण झालं की ते मनात ठेवून मी नुसते आभार म्हणत असे. आता दोन्ही म्हणते, आणि मगच आमेन म्हणते.