चंद्रावतीची पंगत

भाईंदरच्या खारी गावातल्या चंद्रावतीला हळू बोलणं कधी जमलंच नाही. जेसल पार्कच्या संपदा मॅडमकडे ती स्वयंपाक करायची. मॅडमची बदली आफ्रिकेतल्या एका राजधानीत, आपल्या वकिलातीत झाली, तेव्हा त्यांनी तिलाही नेलं. दोन हजार चार साली तिथे लोक राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उठले आणि गल्लोगल्ली गोळीबार सुरू झाला.

शेजारच्या वस्तीतले पुरुष आंदोलनात, म्हणून सैनिक त्यांच्या बायकापोरांना धरून नेत होते. मॅडमनी ती सगळी बंगल्यात घेतली. दिवा लावायचा नाही, आवाज करायचा नाही. घर रिकामं वाटलं पाहिजे. चंद्रावतीनेसुद्धा तोंड मिटलं. पण पोरं नुसत्या बिस्किटांवर. तिने गुपचूप तव्यावर सुकट टाकली. वासाचं तिच्या ध्यानातच आलं नाही; जन्मापासून नाकात बसलेला वास तो.

थोड्याच वेळात फाटकाशी जीप थांबली. हे भारताचं आवार आहे, वगैरे मॅडम बातम्या वाचल्यासारख्या बोलल्या. कॅप्टनने नाक वर केलं. रिकाम्या घरात मासे कोण भाजतंय, म्हणाला.

चंद्रावती झारा घेऊनच बाहेर आली. "सांगा त्याला मॅडम, पोरा जेवाला बसलीत. शेवटचा मानूस जेवल्याबिगर आमची पंगत उठत न्हाय. पंगतीत कोन शिरत पन न्हाय."

मॅडमनी कॅप्टनच्या भाषेत त्याचं 'आमच्या प्राचीन परंपरेनुसार' केलं. कॅप्टनला हसू आलं. जेवण उरकेपर्यंत थांबतो, म्हणाला, मग झडती.

मॅडमनी आत येऊन संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला फोन लावला. ट्रक येतील, पण वेळ लागेल, असं उत्तर आलं.

"लागूं दे," चंद्रावती म्हणाली, आणि भात मूठमूठ वाढायला लागली. सुकटीचा एकेक तुकडा, मग पाणी, मग पुन्हा भात. पोट भरलेलं पोर चुळबुळलं की ती नुसती बघायची. भाषा कळत नव्हती, डोळे कळत होते. मॅडमनाही तिने ओळीत बसवलं.

उशीर का, बघायला कॅप्टनने शिपाई पाठवला. चंद्रावतीने त्याच्यापुढेही ताट ठेवलं. तो भुकेला होता, बंदूक बाजूला ठेवून बसला.

मागच्या दाराशी ट्रक लागले, तशी शिपाई ताटात मान घालून जेवत असताना एकेक बाई पोराला कडेवर घेऊन गुपचूप उठली. शेवटी मॅडमही त्यांना ट्रकात चढवायला उठल्या आणि ओळीत एकटा शिपाई उरला. तो हात धुवायला निघाला, तर चंद्रावतीने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.