तिघांतला एक

कवायत मास्तरांनी जन्मभर शाळेतल्या पोरांची पावलं जुळवली. आता त्यांच्याच हृदयाच्या दोन बाजू एकमेकींशी फटकून चालत होत्या, आणि जिना चढताना मास्तरांना धाप लागत होती.

"खास पेसमेकर बसवला तर दोन्ही बाजू एका तालात येतील," डॉक्टर म्हणाले. "ईसीजीवरून आशा आहे. पण साधारण तिघांतल्या एकाला फरक पडत नाही. तो कोण, हे आधी खात्रीनं सांगता येत नाही."

"कोण पाऊल चुकवणार, हे मी पहिल्याच दिवशी सांगायचो," मास्तर गुरगुरले.

"आणि चुकायचा दुसराच," बायको म्हणाली.

टेबलाखाली मास्तरांचा पाय ठेका धरू लागला. बायकोनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसवा, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "चुकायचंच असेल, तर पाऊल टाकून चुकू दे."